घरात कुणालाच स्पॅनिश येत नसताना मुलांचं स्पॅनिश वाचन कसं घ्यायचं

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीचा ड्युअल लँग्वेज वर्ग, म्हणजे स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींतून चालणारा वर्ग, शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात, उरलेली इंग्रजी किंवा आणखी कुठली तरी भाषा. या ‘आणखी कुठली तरी’मध्ये हल्ली बहुतेक वर्षी एखाददुसरं मराठी मूल असतंच. मी मूळची सांगलीची, स्पॅनिश शिकले पुण्यात, त्यामुळे हे आईवडील पालकसभा संपली की मागे थांबतात आणि मोकळेपणाने मराठीत विचारतात, “शाळेत सगळं छान चाललंय हो, पण घरी आम्हाला स्पॅनिशमधलं ओ की ठो कळत नाही. वाचून कसं घ्यायचं?” याच धास्तीने काही जण तिसरीत मुलाला साध्या इंग्रजी वर्गात हलवतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण स्पॅनिश न येणारे मराठी आईवडील या कामात पुष्कळ मदत करू शकतात. कशी, ते सविस्तर सांगते.

आधी शाळेच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण घरातली घबराट बहुधा तिथूनच सुरू होते. अमेरिकेत अशा दोन भाषांतून चालणाऱ्या वर्गांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पहिल्या दिवसापासून निम्मं शिक्षण स्पॅनिशमध्ये आणि निम्मं इंग्रजीत होतं. दुसऱ्याला ‘नव्वद-दहा’ म्हणतात. त्यात केजीमध्ये नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये असतं, मग दरवर्षी इंग्रजी वाढत जातं आणि चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही भाषा बरोबरीला येतात. नव्वद-दहाच्या वर्गातलं मूल पहिलीत इंग्रजी वाचनात शेजारच्या मुलापेक्षा मागे दिसणारच, कारण त्याला वाचायला शिकवलंय ते स्पॅनिशमधून. इथे पालक घाबरतात आणि घरी फक्त इंग्रजी पुस्तकांचा मारा सुरू करतात. असं करू नका. एका भाषेत वाचायला शिकलेलं मूल दुसऱ्या भाषेत वाचन पुन्हा पहिल्यापासून शिकत नाही. गोष्टीचा अंदाज बांधणं, अडलं की मागे जाऊन वाचणं, मुद्दा पकडणं ही कौशल्यं सोबत येतात. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९मध्येच हे मांडलं होतं. शिवाय इंग्रजी तर मुलाच्या चहूबाजूंनी आहे, ते कुठे जात नाही. घरी वेळ द्यायचाच तर तो स्पॅनिशला आणि मराठीला द्या.

तुमचा कान तयार आहे

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. शब्दात कुठेही आले तरी उच्चार तोच. इंग्रजीत एकच अक्षर कुठे ‘अ’, कुठे ‘ॲ’, कुठे ‘एइ’ होतं, तो प्रकार इथे नाही. ‘कासा’ म्हणजे घर, त्यातले दोन्ही ‘आ’ सारखे आणि स्वच्छ.

व्यंजनांत तर मराठी माणसाला आयतंच घबाड मिळतं. स्पॅनिशचा ‘टी’ हा आपला त आहे, ट नव्हे. ‘डी’ हा द आहे, ड नव्हे. प, त, क हे हवेचा झोत न सोडता, आपण म्हणतो तसेच म्हणायचे. इंग्रजी बोलणारी मुलं ‘ताको’ला ‘ठाखो’च्या अंगाने नेतात. ती सवय मोडायला मला वर्गात महिने लागतात. तुम्ही घरी सहज म्हणता तो त योग्यच आहे. ज्या एन अक्षरावर नागमोडी रेघ असते, तो आपल्या ‘ञ’च्या जवळचा, ‘न्य’सारखा उच्चार. आणि र आपला जसा जिभेच्या टोकावर थरथरतो तसाच. एक र असेल तर ‘पेरो’, म्हणजे पण. दोन असतील तर ‘पेर्रो’, म्हणजे कुत्रा. मूल वाचताना हा फरक तुम्हाला ऐकू येईल, स्पॅनिश येत नसलं तरी.

नियम थोडेच आहेत. ते एका कागदावर देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा. हा कागद तुमच्यासाठी, मुलासाठी नाही.

‘एच’ मुका असतो (फक्त ‘सी’ला जोडून आला तर दोघे मिळून च). हॅलोसारखा दिसणारा शब्द ‘ओला’ असा वाचायचा. ‘जे’ म्हणजे घशातून काढलेला ह. ‘जी’च्या पुढे ई किंवा आय आला तर त्याचाही तोच ह, नाहीतर ग. ‘जी’नंतर यू आणि मग ई किंवा आय असेल तर तो यू मुका, म्हणून ‘गितार्रा’. त्या यूवर दोन टिंबं असतील तरच तो ऐकू येतो, जसा ‘पिंग्विनो’त. ‘क्यू’ आणि यू मिळून नुसता क, म्हणून चीजला ‘केसो’. ‘सी’च्या पुढे ई किंवा आय आला तर स, नाहीतर क. ‘झेड’ सुद्धा स. (स्पेनच्या बऱ्याच भागात या दोन ठिकाणी ‘थ’सारखा उच्चार ऐकू येईल. टेक्सासमधली शाळा लॅटिन अमेरिकेच्या पद्धतीने चालते, तिथे स.) दोन ‘एल’ शेजारी आले की य. ‘व्ही’ आणि ‘बी’ या दोघांचा उच्चार एकच, ब.

बस, एवढंच. हे कळलं की मूल स्पॅनिशमध्ये कुठल्याही इयत्तेचं काहीही वाचत असलं तरी ते बरोबर वाचतंय की नाही, हे तुम्ही बोट ठेवून सांगू शकता. इंग्रजीच्या बाबतीत हे कुणालाच इतक्या लवकर जमत नाही.

एक कळकळीची विनंती. मुलाच्या पुस्तकात स्पॅनिश ओळीच्या वर देवनागरी उच्चार लिहू नका. मूल वरचंच वाचायला लागतं आणि खालच्या अक्षरांकडे डोळा जातच नाही. देवनागरी तुमच्या वहीत राहू द्या.

बाराखडीनेच शिकवा

मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाचायला शिकली ती सुट्या अक्षरांवरून कमी आणि अवयवांवरून जास्त. अवयव म्हणजे एका दमात म्हणायचा शब्दाचा तुकडा, इंग्रजीतला ‘सिलेबल’. मा, मे, मि, मो, मु. मग पा, पे, पि, पो, पु. मग सा, ला, ता. आपल्या आजी-आजोबांनी पाटीवर गिरवलेल्या बाराखडीचाच हा साचा. त्यामुळे तुम्हाला यात काही नवं शिकायचं नाही. इंग्रजी पद्धतीने ‘म्‌... आ... म्‌... आ...’ असं एकेक ध्वनी सोडवत बसण्यापेक्षा स्पॅनिशमध्ये ‘मा-मा’ असा अवयव उचलणं मुलांना लवकर जमतं.

जाड कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या करा. एकेका चिठ्ठीवर एक अवयव, अर्थात रोमन अक्षरांत. का, सा, मा, मे, पो, लो, ता एवढ्या सातच घेतल्या तरी ‘कासा’ (घर), ‘कामा’ (पलंग), ‘मेसा’ (टेबल), ‘मासा’ (पीठ, मळलेली कणीक), ‘सापो’ (बेडूक), ‘पोलो’, ‘माला’ असे शब्द जमायला लागतात. ‘माला’साठी ला लागेल, तो मूल स्वतःच मागेल. असं मागून घेऊ द्या, त्यातच शिकणं आहे. निरर्थक शब्द तयार झाला तरी वाचू द्या आणि मग विचारा, “हा खरा शब्द आहे का?”

यानंतर स्वर पुढे असलेले अवयव घ्या: आल, एस, एन, उन. मग जोडाक्षरं: ब्रा, ब्रे, प्ला, त्रि, ग्रु. जोडाक्षरांपाशी मुलं हमखास अडखळतात. ‘ब्राझो’ऐवजी ‘बाराझो’ असं मध्ये स्वर घालून वाचतात. (इथला झेड स म्हणायचा, म्हणजे ‘ब्रासो’, हात.) मराठीतली जोडाक्षरं ज्याला वाचता येतात त्याला हे सोपं जातं, म्हणून घरी मराठी वाचायला शिकवत असाल तर थांबवू नका. दोन लिपी आणि तीन भाषांचा गोंधळ होईल ही भीती मला पालकांकडून नेहमी ऐकू येते. वर्गात तसं घडताना मला दिसत नाही. लिपी वेगळी असली की उलट मुलं दोन्ही नीट वेगळी ठेवतात.

खरा गोंधळ होतो तो इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, कारण त्यांची अक्षरं एकच आहेत. इंग्रजी ‘कम’चं स्पेलिंग स्पॅनिशमध्ये ‘कोमे’ असतं, म्हणजे खातो. ‘वन्स’चं ‘ओन्से’, अकरा. ‘डाइस’चं ‘दीसे’, म्हणतो. ‘रेड’चं ‘रेद’, जाळं. ‘पॅन’चं ‘पान’, पाव. सफरचंदाचा ‘पाय’ हा स्पॅनिशमध्ये ‘पिए’, म्हणजे पाऊल. दुसरीतल्या मुलाला दोन्ही भाषा थोड्या-थोड्या वाचता यायला लागल्या की या शब्दांवर डोळा घसरतोच. अशा शब्दांच्या वेगळ्या चिठ्ठ्या ठेवा. चिठ्ठी उलटण्याआधी तुम्ही ‘इंग्रजी’ किंवा ‘स्पॅनिश’ म्हणायचं आणि मुलाने त्या भाषेत वाचायचं. जेवण वाढून होईपर्यंत हा खेळ पुरतो आणि मुलांना तो मनापासून आवडतो.

घडाघडा वाचतंय, पण कळतंय का?

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. स्पॅनिशचे उच्चार इतके नियमबद्ध आहेत की मूल अर्थ न कळताही सुंदर वाचू शकतं. रामरक्षा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला ‘कौसल्येयो दृशौ पातु’चा अर्थ विचारा, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल. पालक ऐकतात, खूश होतात आणि पुस्तक मिटतात. मग तिसरीत उताऱ्यावरचे प्रश्न येतात. टेक्सासची ‘स्टार’ ही राज्य परीक्षा तिसरी ते पाचवी स्पॅनिशमध्येही देता येते. तिथे हे मूल अचानक अडकतं आणि घरात कुणाला कळत नाही की काय झालं.

म्हणून रोजच्या वाचनाचा निम्मा वेळ अर्थाला द्या. पद्धत साधी आहे: मुलाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि काय झालं ते मराठीत सांगायचं. भाषांतर नको, गोष्ट हवी. भाषांतर मागितलं की मूल शब्दाला शब्द जोडत बसतं. गोष्ट मागितली की त्याला समजून घ्यावंच लागतं.

आणि हे बोलणं इंग्रजीत करू नका, मराठीत करा. भावनेपोटी म्हणत नाही. स्पॅनिश वाक्याची चाल बऱ्याच ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे, म्हणून म्हणते.

माझ्या वर्गात वाचायला दिलेल्या एका छोट्या उताऱ्यातल्या या दोन ओळी बघा: “मि आबुएला तिएने उन पेरिको. ओय नो कान्ता पोर्के एस्ता कान्सादो.” पहिली ओळ, माझ्या आजीकडे एक पोपट आहे. दुसरी, आज गात नाही, कारण थकला आहे. कोण गात नाही, ते लिहिलेलंच नाही. स्पॅनिशमध्ये कर्ता असा सर्रास गाळतात. इंग्रजीत विचार करणाऱ्या एका मुलीने ओळी एकदम सफाईने वाचल्या आणि मी विचारल्यावर सांगितलं, आजी थकली. नाव आजीचं आधी आलं होतं, म्हणून तिने तिलाच धरलं. तिच्या शेजारी बसलेल्या मराठी मुलाला मी हळूच मराठीत विचारलं, “थकला की थकली?” त्याने परत ओळीवर बोट फिरवलं, शेवटच्या ‘ओ’पाशी थांबला आणि म्हणाला, “थकला. म्हणजे पोपट!” आजी असती तर शेवटी ‘आ’ आला असता, ‘कान्सादा’. थकला-थकली हा फरक त्याच्या जिभेवर लहानपणापासून होता. त्याला फक्त तो स्पॅनिशच्या शेवटच्या अक्षरात शोधायचा होता.

घरी हेच करा. क्रियापद आलं आणि कर्ता दिसला नाही की विचारा, “कोण?” विशेषण आलं की विचारा, “तो की ती?” उत्तर शब्दाच्या शेपटात असतं, हे मुलाला आठवड्याभरात कळतं.

भूतकाळाचंही तसंच. गोष्टींमध्ये ‘कान्ताबा’ आणि ‘कान्तो’ अशी दोन रूपं सारखी येतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द लावतात आणि मुलं फरक सोडून देतात. मराठीत तो सरळ सांगता येतो: आजी रोज गायची, आणि आजी त्या दिवशी गायली. पहिलं ‘कान्ताबा’, दुसरं ‘कान्तो’. बहुतेक गोष्टींची सुरुवात ‘गायची, राहायचा, जायचे’ने होते आणि मग एक दिवस काहीतरी ‘झालं’. मुलाला म्हणा, “ ‘-ची, -चा’वाला भाग संपून गोष्ट कुठे सुरू झाली, ते दाखव.” उतारा समजण्यासाठी याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

आवडीनिवडीची वाक्यं तर मराठीसारखीच आहेत. “आ मि आबुएला ले गुस्तान लोस मांगोस.” माझ्या आजीला आंबे आवडतात. आंबे अनेक म्हणून ‘गुस्तान’, एकच आंबा असता तर ‘गुस्ता’, आपलं आवडतात आणि आवडतो असं. इंग्रजीतून समजवायला गेलात तर हे वाक्य उलटं करून सांगावं लागतं आणि मूल गोंधळतं. संवादांत ‘तू’ आणि ‘उस्तेद’ येतात, ते आपले तू आणि तुम्ही. कोल्हा कोंबडीला ‘उस्तेद’ म्हणायला लागला की तो काहीतरी डाव टाकतोय, हे मराठी मुलाला सांगावं लागत नाही.

इंग्रजीचा उपयोग होतो तो पुढे, तिसरी-चौथीत विज्ञान आणि समाजशास्त्राचे धडे सुरू झाले की. ‘नासिओन’, ‘एस्तासिओन’, ‘एदुकासिओन’ असे ‘-सिओन’वाले शब्द इंग्रजीतल्या नेशन, स्टेशन, एज्युकेशनशी जुळतात आणि मोठमोठे शब्द मुलाला फुकटात मिळतात. फक्त चार-पाच फसवे शब्द आधीच सांगून ठेवा. ‘सोपा’ म्हणजे सूप, साबण नव्हे. ‘रोपा’ म्हणजे कपडे, दोर नव्हे. ‘कार्पेता’ म्हणजे कागद ठेवायची फाइल. ‘एक्सितो’ म्हणजे यश.

वाचायला आणायचं काय आणि कुठून

दप्तरातून येणारं पुस्तक आठवड्यात संपतं आणि मुलाला ते पाठ होतं. पाठ झालेलं वाचणं म्हणजे वाचन नव्हे. नवा मजकूर सतत हवा, आणि या शहरात तो पावलोपावली आहे.

रस्त्यांपासून सुरू करा. आपले बरेच मराठी लोक शहराच्या वायव्येला राहतात. तिथून गाडी काढली की कुलेब्रा, बान्देरा, ब्लान्को हे रस्ते लागतातच. कुलेब्रा म्हणजे साप, बान्देरा म्हणजे झेंडा, ब्लान्को म्हणजे पांढरा. डाउनटाउनकडे गेलात की सार्सामोरा, नोगालितोस, फ्लोरेस, सोलेदाद. लोक या नावांचे उच्चार इंग्रजी धाटणीने करतात. मुलाला सांगा, पाटी वाच आणि स्पॅनिशमध्ये म्हण. मागच्या सीटवरचं हे वाचन शाळेतल्या कुठल्याही वर्कशीटपेक्षा जास्त टिकतं, कारण तोच रस्ता उद्या पुन्हा येतो.

एच-ई-बी दुकानात मेक्सिकन मसाल्यांची पाकिटं टांगलेली असतात, आपण नाहीतरी तिथूनच घेतो. यादी मराठीत मुलाच्या हातात द्या आणि पाकीट त्याला शोधू द्या. जिरे ‘कोमिनो’, लवंग ‘क्लावो’ (लिहिताना व्ही, म्हणताना ब), दालचिनी ‘कानेला’, चिंच ‘तामारिन्दो’. तीळ ‘आहोन्होली’. या शब्दात ‘जे’ दोनदा येतो आणि मुलं तो हमखास ज म्हणतात, म्हणून संक्रांतीच्या आधी मी हे पाकीट मुद्दाम माझ्या मुलीकडून शोधून घेते. शेजारीच शंकूच्या आकाराचा ‘पिलोन्सियो’ असतो, आपला गूळच म्हणा. पाकिटामागची कृती घरी आल्यावर वाचायला लावा. कृतीतले शब्द पुन्हा पुन्हा तेच असतात, आणि समजलं की नाही हे लगेच हाताने दिसतं.

लायब्ररीचं कार्ड नसेल तर आजच काढा, शहरात राहणाऱ्यांना ते फुकट आहे. रिकार्दो लेगोरेता या मेक्सिकन वास्तुकाराने बांधलेली ती भडक लाल रंगाची मुख्य लायब्ररी १९९५मध्ये सुरू झाली. मुलांना ती इमारतच इतकी आवडते की चल म्हटलं की निघतात. पुस्तक निवडताना एकच पाहा: ते मुळात स्पॅनिशमध्ये लिहिलंय की इंग्रजीवरून आणलंय. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर अनुवादकाचं नाव असतं. इंग्रजीतल्या प्रसिद्ध पुस्तकांची भाषांतरं मुलांना ओळखीची वाटतात, सुरुवातीला ती चालतील. पण भाषेची चव मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिनातल्या लेखकांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांत येते. ३० एप्रिलला बऱ्याच लायब्ररींमध्ये मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस साजरा होतो. एल पासोच्या लेखिका पॅट मोरा यांनी तो १९९६मध्ये सुरू केला. मुलाला घेऊन जा.

तुम्हाला वाचून दाखवता येत नाही, मग ऐकवणार कोण? लायब्ररीच्या कार्डावर लिबी ॲपमधून स्पॅनिश ऑडिओबुकं मिळतात. तेच पुस्तक छापील घ्या, आवाज चालू करा आणि मुलाला ओळीखालून बोट फिरवू द्या. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून तेच पान त्याने वाचायचं. कार्टून बघायचंच असेल तर आवाज स्पॅनिश आणि खालची अक्षरंही स्पॅनिश ठेवा, इंग्रजी नको. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी आपल्याकडे दूरदर्शनच्या गाण्यांखाली त्याच भाषेतली अक्षरं आणली ती याच हेतूने, की ऐकता ऐकता वाचन व्हावं.

आणखी एक खजिना फार कमी पालकांना माहीत असतो. मेक्सिकोत १९५९मध्ये राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांनी मोफत पाठ्यपुस्तकांचा सरकारी आयोग स्थापन केला. त्याचं नाव कोनालितेग. आपल्या बालभारतीसारखीच त्यांची पुस्तकं देशभर जातात आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. पहिली-दुसरीची पुस्तकं उघडा. गोष्टी, कोडी, गाणी, चित्रं, सगळं आहे, आणि भाषा तिथल्या मुलांची आहे.

आणि ‘लोतेरिया’ घ्या, आपल्या तंबोलासारखा मेक्सिकन खेळ. दुकानात थोड्याच पैशांत मिळते. ५४ पत्ते असतात, प्रत्येकावर चित्र आणि खाली नाव: कोंबडा ‘एल गायो’, छत्री ‘एल पाराग्वास’, शिडी ‘ला एस्कालेरा’, झेंडा ‘ला बान्देरा’. प्रत्येकाच्या पुढ्यात सोळा चित्रांचा तक्ता. एकाने पत्ता उचलून नाव पुकारायचं, बाकीच्यांनी आपल्या तक्त्यावर दाणा ठेवायचा. आमच्या शेजारच्या आबुएलिता, म्हणजे आजीबाई, मेक्सिकोतल्या मोंतेर्रेच्या आहेत. रविवारी दुपारी त्या आमच्याकडे येतात, खाली सतरंजीवर तक्ते मांडले जातात आणि दाणे म्हणून राजमा निघतो. त्या नुसतं नाव पुकारत नाहीत, मेक्सिकोच्या रिवाजाप्रमाणे कोड्यात सांगतात. “पारा एल सोल इ पारा एल आग्वा!” उन्हासाठी आणि पाण्यासाठी. माझी मुलगी चित्रं सोडून खालची नावं धडाधड वाचत सुटते आणि तेवढ्यात आबुएलितांचा नातू ‘एल पाराग्वास!’ म्हणून दाणा ठेवतो. मग पत्ते पुकारायची पाळी मुलीची. चित्रावर अंगठा ठेवून फक्त नाव वाचायचं, हा आबुएलितांनीच घातलेला नियम आहे.

असं शेजारपण तुम्हालाही जोडता येईल. वर्गातली निम्मी मुलं स्पॅनिश घरातली असतात, हे विसरू नका. त्यांच्या आईवडिलांना इंग्रजी अर्ज भरायला किंवा गणिताच्या गृहपाठात मदत हवी असते, तुम्हाला वाचून दाखवणारा आवाज हवा असतो. विचारायला संकोच करू नका. माझ्या अनुभवात या घरांमध्ये कुणी नाही म्हणत नाही, आणि जाताना हातात तामालेसचा (मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) डबा येतो तो वेगळाच.

तिरक्या रेघा आणि उलटी चिन्हं

दुसरीनंतर हे पक्कं करा. स्पॅनिश शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर. दुसरं काहीही असेल तर जोर शेवटच्या अवयवावर. हा नियम जिथे मोडतो तिथे स्वरावर तिरकी रेघ काढलेली असते, म्हणजे जोर कुठे द्यायचा ते रेघच सांगते. मुलं ती रेघ शोभेची समजून पुढे जातात. ‘पापा’त पहिल्यावर जोर दिला तर बटाटा, रेघेने शेवटच्यावर गेला तर बाबा. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो. रेघ आली आणि जोर शेवटी गेला की तो बोलला. वाचताना जोराच्या अवयवावर टेबलावर टिचकी मारायला सांगा. आणि एनवरची नागमोडी रेघ तर अजिबात सोडू द्यायची नाही: रेघ असेल तर ‘कान्या’, ऊस, नसेल तर ‘काना’, पिकलेला केस.

प्रश्न आणि उद्गार यांची चिन्हं वाक्याच्या सुरुवातीलाही उलटी येतात. स्पॅनिश अकादमीने १७५४मध्ये ही पद्धत घातली. मोठ्याने वाचणाऱ्याला तिचा फार फायदा आहे, कारण वाक्य सुरू करतानाच आवाज चढवायचा हे कळतं. उलटं चिन्ह दिसलं की मुलाने क्षणभर थांबावं आणि मग सूर लावावा, एवढंच शिकवा.

हे सगळं रोज पंधरा मिनिटांत बसवा, जास्त नको. पाच मिनिटं मोठ्याने वाचणं, सात-आठ मिनिटं मराठीत गप्पा, उरलेल्या वेळात अडलेले दोन-तीन शब्द चिठ्ठीवर. मूल दमलं असेल त्या दिवशी फक्त ऐकवा.

शिक्षकांना कधी भेटायचं

स्पॅनिशमध्ये वाचनाची अडचण इंग्रजीसारखी दिसत नाही. इंग्रजीत मूल चुकीचं वाचतं आणि आपल्याला लगेच कळतं. स्पॅनिशमध्ये ते बरोबर वाचतं, पण फार हळू, एकेक अवयव ढकलत. दुसरी संपत आली तरी ओळखीच्या शब्दांतही असंच ढकलणं चालू असेल, वाचून झाल्यावर मूल गळून जात असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडू नका. टेक्सासच्या सरकारी शाळांत केजी आणि पहिलीत डिस्लेक्सियाची प्राथमिक तपासणी घ्यावीच लागते. तुमच्या मुलाची कुठल्या भाषेत घेतली आणि निकाल काय, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

भेटायला जाताना तीन प्रश्न कागदावर न्या. मूल मिनिटाला किती शब्द वाचतं आणि या महिन्यात किती अपेक्षित आहेत? वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतं का, आणि कुठल्या भाषेत? अडतं ते अक्षरांवर, शब्दार्थांवर की लांब वाक्यांवर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळाल्याशिवाय उठू नका, कारण घरी पुढचा महिना काय करायचं ते त्यावरच ठरतं. अक्षरांवर अडत असेल तर चिठ्ठ्या. शब्दार्थांवर अडत असेल तर ऑडिओबुकं आणि गप्पा वाढवा. लांब वाक्यांवर अडत असेल तर दर क्रियापदापाशी थांबवून विचारा, “कोण?”